दातेरी शाफ्टचं कोल्ड फोर्जिंग : प्रकल्प नोंदी (जून ते ऑक्टोबर २०२५)

९ जून, सोमवार

मालवाहू तीनचाकीच्या गिअरबॉक्समधला एक शाफ्ट आजपासून माझ्याकडे आला. एका टोकाला रिव्हर्सचा पिनियन (लहान दातेरी चाक), तो शाफ्टच्याच अंगचा. त्याला लागून कॉलर (जाड कडं), मग बेअरिंगची जागा, आणि दुसऱ्या टोकाला २० मिमी व्यासावर स्प्लाइन (शाफ्टवरचे बारीक उभे दात). सध्या हा शाफ्ट ४० मिमीच्या बारमधून टर्निंग करून निघतो, आणि ते फक्त ३८ मिमीच्या कॉलरपायी. नऊ मिमी रुंदीच्या कॉलरसाठी १४३ मिमी लांबीचा अख्खा तुकडा चाळीसचा घ्यायचा आणि बाकीचं भंगारवाल्याला द्यायचं! तुकड्याचं वजन १.४१ किलो, तयार शाफ्टचं जेमतेम अर्धा किलो. वर दात हॉबिंगवर (फिरत्या कटरने दात कापायच्या मशीनवर) कापायचे ते वेगळंच.

साहेबांचं म्हणणं, दातांसकट सगळं कोल्ड फोर्जिंगमध्ये (स्टील न तापवता डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून घडवणं) बसवा. सगळं म्हणजे किती, ते बघायचंय.

ड्रॉईंगमधल्या कामाच्या गोष्टी: दात सरळ, मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) १.७५, दात १३, दाबकोन (दाताच्या बगलेचा कल) २० अंश. माथ्याचा व्यास २७.१, मुळाचा १९.२५. दाताचा पूर्ण छेद जिथे संपतो तिथपासून कॉलरपर्यंत जास्तीत जास्त ७ मिमी. स्टील १६एमएनसीआर५, म्हणजे कार्बन ०.१४ ते ०.१९ टक्के, मँगनीज एकच्या वर, क्रोमियम एकच्या आसपास. शेवटी कार्बुरायझिंग, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक करणं. रिव्हर्स गिअर असल्यामुळे दातांची अचूकता आयएसओ १३२८ च्या नवव्या वर्गाची मागितली आहे. हा सगळ्यात मोठा दिलासा. पुढच्या गिअरांसारखी सहाव्या-सातव्या वर्गाची मागणी असती, तर फोर्जिंगनंतर ग्राइंडिंग आलंच असतं आणि अर्धा फायदा तिथेच गेला असता.

तेरा दात म्हणजे कमीच. वीस अंशाच्या दाबकोनाला सतराच्या खाली गेलं की हॉब दाताचं मूळ पोखरतो. डिझाइन करणाऱ्याने ०.२५ चं प्रोफाइल शिफ्ट देऊन (दाताचा आकार बाहेर सरकवून) ते टाळलंय. हिशोबाने ०.२३५ पुरतं. आमच्या डायला याचा वेगळाच फायदा आहे: पोखरलेलं मूळ म्हणजे डायच्या दाताला बारीक मान, आणि ती मान पहिल्या काही हजारांतच तुटली असती.

१३ जून

रोलिंग (दातेरी साच्यांखाली लाटून दात उठवणं) का नको, हा प्रश्न आजच्या बैठकीत दोनदा आला म्हणून इथे लिहून ठेवते. स्प्लाइन आपण रॅक रोलिंगवरच करणार आहोत. तिचा दाबकोन ३० अंश, दात बुटके, संख्येने जास्त, त्यामुळे रोलिंग तिला छान जमतं. पिनियनचा दात उंच आहे (जवळपास चार मिमी), कोन २० अंशाचा आणि संख्या तेरा. रोलिंगमध्ये धातू दोन्ही बगलांनी वर चढतो आणि माथ्यावर मधोमध घडी पडते. एवढ्या उंच दाताला ती घडी खोल जाते. कार्बुरायझिंगनंतर दाताचा टवका उडायची सुरुवात तिथूनच व्हायची.

म्हणजे पिनियनला एक्स्ट्रूजन. दातेरी भोकाच्या डायमधून तुकडा ढकलायचा.

मग पहिला प्रश्न, ढकलायचा तुकडा किती व्यासाचा? कॅडवर दातांच्या छेदाचं क्षेत्रफळ ४२७ चौरस मिमी निघालं. तेवढ्याच क्षेत्रफळाचा गोल २३.३ मिमीचा होतो. तो घेतला तर छेद मुळीच घटत नाही, पण माथ्यापर्यंत धातूला दर बाजूला १.९ मिमी वर चढावं लागतं. तेवढा तो चढत नाही. दात बोथट, अर्धवट राहतात. थेट २७.१ घेतला तर माथा शंभर टक्के भरतो, पण छेद २६ टक्के घटवावा लागतो, जोर वाढतो. माथ्याच्या व्यासाला ड्रॉईंगवर बऱ्यापैकी सूट आहे, म्हणून २६.६ धरला. घट २३ टक्के, आणि माथ्यावर चढायचं फक्त पाव मिमी.

हा २६.६ आता पक्का. बाकी सगळं याच्याभोवती फिरेल.

२० जून

टप्प्यांचा पहिला आराखडा. स्टोअरमध्ये याच ग्रेडचा ३० मिमीचा बार दुसऱ्या पार्टसाठी आणलेला पडून आहे. पहिली ट्रायल त्याच्यावर घ्यायची, असं वरून ठरलं. नवीन साइजच्या बारला किमान ऑर्डर आणि दोन महिन्यांची वाट, हे कारण चुकीचं नाही.

तीसच्या बारवर चार ऑपरेशन होतात. पहिल्यात गिअरचं टोक ३० वरून २६.६ वर, घट २१ टक्के. दुसऱ्यात तुकडा उलटा करून दुसरं टोक ३० वरून २५ आणि पुढे २०. तिसऱ्यात कॉलर ठोकायची. चौथ्यात दात.

कॉलरची काळजी नाही. तीसच्या व्यासाची १४.४ मिमी लांबी दाबली की ३८ × ९ होते. दाबायच्या लांबीला व्यासाने भागलं तर अर्धासुद्धा येत नाही. एका ठोक्यात सव्वादोनपर्यंत चालतं, त्यापुढे तुकडा वाकायला लागतो.

खटकतंय ते गिअरचं टोक. आधी २१ टक्के, मग २३ टक्के. दोन्ही घटी लहान, एकामागून एक, आणि मध्ये ॲनिलिंग (तापवून पुन्हा मऊ करणं) नाही. सॉफ्टवेअरवर आसाजवळ काय होतंय ते मुद्दाम बघायचं, असं बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतलंय.

२७ जून

बार भट्टीतून आला. ब्रिनेल कडकपणा १४८ ते १५५. लॅबच्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: कार्बाइडचे बहुतेक सगळे कण गोल झालेत, पट्ट्या अगदी तुरळक. आम्हाला हेच हवं असतं. आकडा तोच असला, तरी कार्बाइड पट्ट्यांच्या रूपात राहिलं तर स्टील वाहताना त्या पट्ट्याच आधी फुटतात. पुरवठादार कडकपणाचं सर्टिफिकेट पाठवून मोकळा होतो. फोटोही मागायचा, असं खरेदी विभागाला पुन्हा कळवलं.

छोट्या ठोकळ्यांवर दाबचाचणी केली. वक्र बसवला तर गुणांक ७८० एमपीए (मेगापास्कल), घातांक ०.१६. म्हणजे बेताचं कडक होणारं स्टील.

४ जुलै

सिम्युलेशन. तेरा दात सारखेच, आणि प्रत्येक दात मधोमध सममित. त्यामुळे अर्धा दात, म्हणजे शाफ्टचा सव्विसावा हिस्सा, एवढंच मॉडेल पुरतं. जाळी दाताच्या मुळाशी आणि माथ्याच्या कोपऱ्यात बारीक, बाकी जाड. घर्षण रिंग दाबून मोजलं. फॉस्फेट आणि साबणाच्या कोटिंगवर ०.०६ च्या जवळपास येतं.

दात छान भरताना दिसतात. पुढची तीन-चार मिमी सोडून. टोकाच्या तोंडाला पुढे आधार नसल्यामुळे तिथे धातू मागे राहतो, तोंड वाटीसारखं खोलगट होतं आणि दात आखूड राहतात. हे प्रत्येक एक्स्ट्रूजनमध्ये होतं. चार मिमी जास्तीची लांबी धरून नंतर फेसिंगमध्ये उडवायची.

आता डायच्या प्रवेशाचा कोन. खरी रस्सीखेच इथेच आहे. डायच्या तोंडाशी दात एकदम सुरू होत नाहीत, उतारावरून हळूहळू खोल होत जातात. शाफ्ट पूर्ण ढकलला गेल्यावर या उताराचा ठसा कॉलरपाशी अर्धवट दातांच्या रूपात उरतो. आसाशी १५ अंशाचा उतार घेतला, तर साडेतेरा मिमीच्या पुढे अर्धवट दात. २० अंशाला दहा. ३० अंशाला ६.४. ड्रॉईंग म्हणतं, सातपेक्षा जास्त नको. म्हणजे ३० अंश घ्यावाच लागतो. स्टीलला मात्र उतार जितका मंद तितका बरा.

आसावरच्या नुकसानीचा आकडा (कॉकक्रॉफ्ट-लेथमचा निकष लावला) दुसऱ्या घटीनंतर एकदम चढतो. हा आकडा एकटा काही सांगत नाही. कुठल्या मूल्याला स्टील फाटतं ते स्टीलगणिक बदलतं. पण आपल्याच चालू असलेल्या दुसऱ्या शाफ्टशी ताडून बघितला तर तो दुपटीच्या जवळ आहे. ट्रायलनंतर तुकडे उभे कापून बघायचे, हे ट्रायल शीटवर पहिल्याच ओळीत लिहिलं.

१५ जुलै

टूलरूममध्ये अर्धा दिवस. दातांचं इन्सर्ट (डायच्या आत बसणारा भाग) टंगस्टन कार्बाइडचं, कोबाल्ट जास्त असलेल्या चिवट जातीचं. बाहेरची रिंग एच-१३ टूल स्टीलची.

रिंगवरून टूलरूमच्या काकांशी वाद झाला. हँडबुकचा नियम असा: आतला दाब १००० एमपीएपर्यंत असेल तर रिंगशिवाय चालतं, १६०० पर्यंत एक रिंग, त्यापुढे दोन. आपला दाब हजाराच्या बराच खाली. शिकाऊ इंजिनिअरने तेच दाखवलं, तर काका म्हणाले, "अरे बाळा, तो नियम गोल भोकाचा आहे. इथे तेरा खाचा आहेत. प्रत्येक खाच म्हणजे फुटायला दिलेलं आमंत्रण." बरोबर आहे. शाफ्टच्या दाताचा माथा जिथे बसतो, तो डायमधल्या खाचेचा तळ. तिथे ताण एकवटतो, आणि कार्बाइडला दाब कितीही सोसतो पण ताण सोसत नाही. रिंगने बाहेरून आधीच आवळून ठेवलं, तर आतून दाब आला तरी तो कोपरा ताणात जात नाही. इन्सर्टचा बाहेरचा व्यास ६० मिमी, ०.४ टक्क्यांची आवळ, म्हणजे रिंग ०.२४ मिमी लहान. रिंग तापवून बसवायची.

काकांनी आणखी एक करून घेतलं. दाताच्या माथ्याच्या दोन्ही कडांना ०.३ ची गोलाई. ग्राहकाकडे विचारणा पाठवली, त्यांची हरकत नाही.

सरळ दातांचा पट्टा चारच मिमी लांब, त्यामागे भोक थोडं मोठं करून मोकळं. पट्टा लांब ठेवला की घर्षण वाढतं, साबण पुसला जातो. सरळ भाग वायरकटवर (ठिणग्या पाडणाऱ्या तारेने कापणारं मशीन) निघेल. प्रवेशाच्या उतारावरचे दात वायरने निघत नाहीत, त्यासाठी कॉपर-टंगस्टनचे इलेक्ट्रोड करून स्पार्कवर. स्पार्कने वितळून गोठलेला पापुद्रा पॉलिशमध्ये पूर्ण काढायचा. पॉलिशही ढकलण्याच्या दिशेनेच, आडवं नाही.

२९ जुलै

प्रेस मोकळी नाही. चालू पार्टची डिस्पॅच आधी. डाय तयार होऊन पडली आहे.

५ ऑगस्ट

पहिली ट्रायल, हायड्रॉलिक प्रेसवर. कॉलरपर्यंतचे तिन्ही टप्पे बिनबोभाट. दातांच्या ऑपरेशनला डायमधून पहिला तुकडा वर आला तेव्हा शिफ्टची निम्मी माणसं भोवती. दात खरंच देखणे. बगला आरशासारख्या, माथे भरलेले, कॉलरपाशी उतार ड्रॉईंगप्रमाणे. फोटो निघाले, साहेबांना गेले, साहेबांकडून ग्राहकाला गेले.

संध्याकाळी वायरकटवर पाच तुकडे उभे चिरले. त्यातल्या दोघांच्या आसावर, पिनियनच्या बरोबर आत, बाणाच्या टोकांसारख्या पोकळ्या. एकामागे एक, जवळजवळ सारख्या अंतरावर. बाहेरून बोट लावून, डोळे ताणून, मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने पृष्ठभागाच्या भेगा शोधणं) करून, कशानेही कळणार नाहीत अशा. बाकी तीन स्वच्छ.

चेव्हरॉन. सगळे तुकडे फुटले असते तर बरं. पाचात दोन म्हणजे आपण अगदी उंबरठ्यावर आहोत. पुढच्या लॉटमध्ये स्टील जरा बदललं की एकही नाही किंवा सगळेच.

११ ऑगस्ट

ग्राहकाला परवाच फोनवर सांगून टाकलं, फोटो बघून भुलू नका. आज सविस्तर बैठक. शिकाऊ मुलांसाठी फळ्यावर जे काढलं ते थोडक्यात असं.

डायचा उतार मंद आणि घट मोठी असेल, तेव्हा दोन्ही बाजूंनी सुरू झालेलं धातूचं मळणं आसापर्यंत पोहोचतं आणि गाभाही दाबाखाली राहतो. घट लहान आणि उतार खडा असेल, तर मळणं कातडीपुरतं राहतं. कातडी लांब होऊन पुढे पळते, गाभा तसाच, आणि ती त्याला सोबत ओढते. गाभ्यात ताण येतो. एकदा झालं तर स्टील सोसतं. त्याच गाभ्याला पुन्हा तसंच ओढलं, आणि स्टील पहिल्या घटीत आधीच कडक होऊन त्याचा लवचीकपणा संपत आलेला असला, की मधोमध फाटतं. एक पोकळी उघडली की ताण सुटतो. पुढे ढकलत गेलं की पुन्हा साठतो आणि पुढची उघडते. म्हणून त्या सारख्या अंतरावर.

पर्याय मांडले. उतार २० अंशावर आणणं सगळ्यात सोपं, पण मग अर्धवट दात दहा मिमी. ग्राहकाचं उत्तर साफ नाही: तिथे रिव्हर्सचं आयडलर (मधलं चाक) सरकतं, जागा नाही. दोन घटींच्या मध्ये ॲनिलिंग केलं तर चेव्हरॉन जातील, पण पुन्हा भट्टी, पुन्हा ॲसिड, पुन्हा फॉस्फेट, आणि तुकड्यामागचा खर्च हॉबिंगच्या घरात. दातांच्या वेळी पुढून उलटा दाब देऊन गाभा दाबाखाली ठेवता येतो, पण आपल्या प्रेसवर खालचा कुशन तेवढा नाही.

चौथा पर्याय, बारच २६.६ चा घ्या. पहिली घटच नको. गिअरच्या टोकाला आयुष्यात एकच घट मिळेल, २३ टक्के, आणि तीही पूर्ण मऊ स्टीलला. कॉलरला तीसऐवजी २६.६ ची १८.४ मिमी लांबी दाबावी लागेल, गुणोत्तर ०.७ च्या आत. बेअरिंगची जागा २५ ची आहे, ती २६.६ वरून टर्निंगमध्ये काढायची. तिथे साठ मिमी लांबीवर ३० ग्रॅम जातात. जाऊ देत. २६.६ वरून २५ म्हणजे १२ टक्क्यांची घट, ती फोर्जिंगमध्ये करायला गेलो तर चेव्हरॉनला दुसऱ्या दाराने आत घेतलं असतं.

तुकडा १३० मिमी लांब, वजन ०.५७ किलो. तीसच्या बारवर ते ०.५४ होतं. तीस ग्रॅमच्या बदल्यात एक ऑपरेशन, एक डाय आणि ही सगळी भीती जाते. साहेबांनी हिशोब दोनदा तपासला आणि सही केली.

दुसऱ्या टोकाचा जोर नव्याने काढला. २६.६ वरून २०, घट ४३.५ टक्के, बंद कंटेनरमध्ये. सिबेलच्या सूत्राने विरूपणाला ३४० किलोन्यूटन, कंटेनरच्या भिंतीच्या घर्षणाला आणखी १७५. मिळून बावन्न टनांच्या आसपास. पंचवर (तुकडा ढकलणाऱ्या दांड्यावर) ९३० एमपीए. पंचाला काही नाही. इथे लांबीची अडचण नसल्यामुळे उतार मंद ठेवला.

बार ओढून २६.६ करून मग ॲनिलिंग, या क्रमाने मागवायचा. ॲनिलिंग करून मग ओढलेला बार आला, तर आपण काढून टाकलेली घट गिरणीवाला परत घालून देईल. ऑर्डरवर हे ठळक अक्षरात.

२३ ऑगस्ट

बार वेळेत मिळाला. एका ओळखीच्या पुरवठादाराकडे जवळचा साइज होता, तो ओढून दिला. आता अडचण कोटिंगची.

फॉस्फेटवर साबण ही जोडी जुनी आहे. फ्रिट्झ सिंगरने जर्मनीत १९३४ साली स्टील ओढण्यासाठी फॉस्फेटच्या थराचं पेटंट घेतलं. स्टीलचं कोल्ड एक्स्ट्रूजन व्यवहारात आलं ते त्याच्यामुळे. झिंक फॉस्फेटचे स्फटिक स्टीलला धरून बसतात, त्यांच्यावर सोडियम स्टिअरेटचा काही भाग झिंक स्टिअरेट बनून चिकटतो. प्रेसमध्ये घसरण देतो तो हाच चिकटलेला भाग. वरचा न चिकटलेला साबण मात्र हवेतली ओल पितो. आणि हा ऑगस्ट, चाकण परिसर, बाहेर आठवडाभर झड. परवा कोटिंग केलेले तुकडे आज हाताला चिकट लागतात. दातांच्या डायमध्ये पाठवले असते तर साबणाचे गोळे खाचेच्या तळाशी साठून माथे अपुरे राहिले असते.

ठरलं ते असं: कोटिंगनंतर गरम हवेत वाळवायचं, झाकलेल्या ट्रेमध्ये ठेवायचं आणि त्याच दिवशी दाबायचं. शिल्लक राहिले तर प्रेसवर न घेता पुन्हा वाळवायचे. फॉस्फेटचं वजन दर चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास. कमी झालं तर कातडी सोलते, फार झालं तर तेच डायमध्ये भुकटी होऊन साचतं.

फॉस्फेटशिवायचं, एकाच टाकीतलं पॉलिमर कोटिंग घ्यायचं का, हा विषय पुन्हा निघाला. टाकीच्या तळाचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, त्याची विल्हेवाट दरवर्षी महाग होतेय, त्यामुळे कधीतरी जावंच लागेल. पण एकाच ट्रायलमध्ये बार, टप्पे आणि कोटिंग तिन्ही बदलले, तर काय कशामुळे झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. सध्या नको.

९ सप्टेंबर

गणपती झाले, गावी गेलेली माणसं परत आली. दुसरी ट्रायल.

कॉलर आधी, दात शेवटी. दातांच्या ऑपरेशनला जोर कॉलरवर, पोकळ पंचाने. शँक, म्हणजे कॉलरपलीकडचा भाग, त्या पंचाच्या आत. गिअरचं टोक डायच्या वरच्या गोल भागात घट्ट धरलेलं असतं. हे धरणं महत्त्वाचं. दातांसाठी लागणारा दाब या मऊ स्टीलच्या सोसण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. मोकळा ठेवला, तर डायमध्ये शिरायच्या आधीच तुकडा फुगेल. पहिल्या ट्रायलमध्ये टोक आधीच्या घटीने कडक झालेलं होतं, त्यामुळे हा प्रश्न जाणवला नव्हता. आता स्टील मऊ, म्हणून भिंतीशी फट दर बाजूला ०.०५ च्या आत आणली.

दात भरले. माथे पहिल्यापेक्षा किंचित जास्त गोल, मापात. फोटो कोणी काढले नाहीत. तुकडे थेट वायरकटवर. जितके चिरले तितके स्वच्छ. मग बाकीच्या सगळ्या तुकड्यांच्या तोंडावरून अल्ट्रासॉनिकने आस तपासला. एकही इशारा नाही.

काका चिरलेला अर्धा तुकडा खिशात घालून घेऊन गेले.

१६ सप्टेंबर

मापं. दोन दातांवरचं माप गणिताने ८.३६७ मिमी. नंतर कार्बुरायझिंगमध्ये वाढेल ते धरून फोर्जिंगला ८.३५ ते ८.३७ ठेवलंय.

सकाळी लाइनवर मुलाने घेतलेले आकडे आणि दुपारी मापनकक्षात आलेले आकडे शंभरावा भाग मिमीने वेगळे. गेज बदललं, माणूस बदलला, तरी तेच. कारण साधं होतं: प्रेसमधून आलेला तुकडा हाताला पोळतो. विरूपणाची जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होते. नुसत्या स्प्लाइनच्या टोकाला हिशोबाने ऐंशी-नव्वद अंशांची वाढ, वर डायचं घर्षण. शंभर अंशांच्या फरकाला साडेआठ मिमीवर बरोबर ०.०१ येतो. आता मापाआधी तुकडे लोखंडी टेबलावर ठेवून निववायचे, आणि डाय नीट तापेपर्यंतचे सुरुवातीचे तुकडे वेगळ्या ट्रेमध्ये.

निवल्यावरची मापं ८.३८ ते ८.३९. वीस मायक्रॉनने जाड. दाबाखाली डाय थोडी उघडते, आणि बाहेर आल्यावर दातही थोडा फुलतो. दोन्ही मिळून तेवढे. डायच्या खाचेत तेवढी वजावट धरून दुसरं इन्सर्ट करायला दिलं. आधीच काही वजावट धरली होती, पण सिम्युलेशनमध्ये रिंग कडक मानली की ती कमीच येते. इथून पुढे डायही लवचीक धरून गणित करायचं, मशीनला रात्रभर बसू दे.

दाताच्या लांबीत माप सारखं आहे, पुढचे चार मिमी सोडून. ते फेसिंगमध्ये जातात. इनव्होल्यूटची (बगलेच्या वक्राची) आणि पिचची (दातांमधल्या अंतराची) चूक नवव्या वर्गात बसते, काही तुकडे आठव्यात. रनआउट (फिरवताना दातांचं आसाभोवती हलणं) मात्र काठावर. तो दातांचा दोष नाही, सेंटर-होल कोणत्या पृष्ठभागाला धरून मारलं त्याचा आहे. आता दातांनाच पकडून सेंटर मारायचे, पिच व्यासावर धरणाऱ्या चकने.

२६ सप्टेंबर

कार्बुरायझिंगचे नमुने परत आले. दातांच्या पृष्ठभागावर ६० एचआरसी (रॉकवेल कडकपणा), कडक थराची खोली ०.६ मिमीच्या जवळ. दोन्ही बरोबर. पण लॅबच्या मॅडमनी कॉलरच्या मुळाशी स्टीलचे कण (स्फटिक) दाखवले तेव्हा सगळे गप्प. बारीक कणांमध्ये मधूनच ढब्बू कण.

कोल्ड फोर्जिंग केलेल्या केस-हार्डनिंग स्टीलचं हे जुनं दुखणं आहे. थंडीत मळलेल्या स्टीलला ९३० अंशांवर तासन्तास ठेवलं की काही भागांत कण एकमेकांना खाऊन वाढतात, आणि एकाच शाफ्टमध्ये जास्त मळलेला आणि कमी मळलेला भाग शेजारी-शेजारी असतो. कणांच्या सीमा अडवून धरायचं काम ॲल्युमिनियम नायट्राइडचे बारीक कण करतात. लांब ॲनिलिंगमध्ये ते मोठे आणि विरळ होतात, मग अडवायला कोणी उरत नाही. असा ढब्बू कण असलेला कॉलर थकव्याने आधी जातो, आणि क्वेंचिंगमध्ये शाफ्ट वाकतो तो वेगळाच.

कार्बुरायझिंगआधी नॉर्मलायझिंग (तापवून हवेत निववणं) केलेले नमुने आज भट्टीत टाकले. निओबियम घातलेलं स्टील हाही उपाय आहे, पण या खपाला ते गिरणी देणार नाही.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. प्रेस धुतली, पुसली, झेंडूचे हार. दातांच्या इन्सर्टवर कुंकू लावायला काकांनी हरकत घेतली, रिंगवर लावा म्हणाले. फॉस्फेटच्या टाकीलाही हार, पण टाकीपासून हातभर लांब. उद्या दसरा, सुट्टी.

१० ऑक्टोबर

नॉर्मलायझिंग केलेल्या नमुन्यांत कण सगळीकडे बारीक. खर्च वाढला, तरी ४० च्या बारच्या तुलनेत तुकड्यामागे आठशे ग्रॅमच्या वर स्टील वाचतं आणि हॉबिंग पूर्ण जातं, त्यामुळे हिशोब अजून आपल्या बाजूने आहे. नॉर्मलायझिंगने कोल्ड फोर्जिंगची ताकद निघून जाते, अशी शंका आली. ती तशीही कार्बुरायझिंगमध्ये निघूनच जाणार होती.

नवीन इन्सर्टवर माप ८.३५ ते ८.३६. पहिलं इन्सर्ट भिंगाखाली बघितलं. खाचेच्या तळाला तडा नाही. प्रवेशाच्या उतारावर एका दाताशी धातू चिकटल्याची पुसट रेघ. ती ओल्या साबणाच्या दिवसांतली की कायमची, हे पुढच्या रनमध्ये दिसेल. पॉलिश करून परत बसवलं.

१४ ऑक्टोबर

ग्राहकाकडे नमुने गेले. सोबत कापलेल्या तुकड्याचे फोटो, कणांचे फोटो, मापांचा तक्ता.

एक मुद्दा उघडा आहे. उत्पादन विभागाला अल्ट्रासॉनिक दर लॉटला नमुन्यावर हवंय, मला दर तुकड्यावर. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या ट्रायलपासून एकही पोकळी नाही. माझं म्हणणं, स्टील अजून एकाच हीटचं, म्हणजे गिरणीतल्या एकाच वितळणीचं आहे. तिसऱ्या हीटपर्यंत दर तुकडा तपासायचा, त्यानंतर आकडे समोर ठेवून बोलायचं, एवढ्यावर आज थांबलो. प्रोब बसवायचं फिक्स्चर दिवाळीनंतर टूलरूमकडून.